शहापूरजवळ बंद पडलेली गाडी

कोंढा, १२ ऑक्टोबर २०२५, रविवार

अश्विन, जय भीम.

तू फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धान रोवण्याचे दिवस सोडून. चुका काढत बसू नको, अर्थ काढ. पुण्याचा पत्ता तुझ्या बहिणीच्या वहीतून उतरवला. प्रतिक्षाले विचारलं नाही, विचारलं असतं तर दिला नसता.

तुझं पाकीट आलं. तुझी गाडी विकायचे कागद, तीन जागी सही, आन वर चिठ्ठी, "विकून टाका." ना आजी, ना बाबा. तुझ्या बापानं चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली. जेवताना पुन्हा काढून वाचली. दोन शब्दांत पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं काय आहे ते त्यालेच माहीत. जीवन लहानपणीही असाच होता, बोलायचं सोडून कागदं उलटवत बसे.

तुमसरचे कोणी भूपेंद्र डॉक्टर आहेत, दातांचे. पुढच्या महिन्यात गाडी पाहाले येऊन राहिले.

मी म्हणते, विकावी. गाडीचं काम एकच, जिथं जायचं तिथं पोचवणं. तुझ्या बापाची पांढरी गाडी चौदा वर्षांची झाली. तिच्यात बसलं की झोप येते, खिडकीच्या काचेले हातानं आधार द्यावा लागते, पण आजपर्यंत तिनं कोणाले रस्त्यावर उतरवलं नाही. मागच्या आठ डिसेंबरले तुझा बाप हेच सांगून राहिला होता. पोरीचा भरतीचा पेपर, नागपूरले, साडेआठले दार बंद. "पांढरी ने," म्हणे. तू काय म्हटलं? "बाबा, बहिणीले पेपरले नेऊन राहिलो, मयताले नाही." आन तिले तुझ्या त्या युरोपच्या गाडीत बसवलं. मी पुढं बसली.

अड्याळ गेलं, भंडारा गेला, शहापूर ओलांडलं आन गाडीनं दम सोडला. काचेखाली एवढे दिवे लागले की जसा मंडप. मग जीप थांबवली, जीपमधून उतरून ऑटो केला, आन दारावर पोचलो तर अकरा मिनिटं उशीर. दारावरचा माणूस म्हणे, नियम आहे. पोरगी रडली नाही, तेच वाईट होतं.

घरी बाप बोलला, "तुह्या मजेपायी पोरीचं वर्ष गेलं." माझंही तोंड चाललं. मी म्हटलं, मजेची गाडी मजेच्या दिवशी काढावी. तू गाडी भंडाऱ्याच्या गॅरेजमध्ये तशीच सोडली, बॅग उचलली आन रेल्वेनं गेला. दहा महिने झाले.

त्याच्या आधी तू गोंदियाले मित्राच्या लग्नाले गेला होता ते चार दिवस गाडी अंगणातच होती. कोणी हात लावला नाही. विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

आता ती दुरुस्त होऊन अंगणात उभी आहे. उभी ठेवली तर बॅटरी मरते म्हणून रविवारी मी चालू करते. दोन मिनिटं. बस.

प्रतिक्षाचा पेपर पुन्हा आला, ३० नोव्हेंबर. ह्या वेळी पांढरी जाईल.

आजी


कोंढा, २६ ऑक्टोबर

अश्विन,

उत्तर नाही आलं. नको देऊ. मले लिवायची सवय लागून राहिली.

दोन मिनिटं लिवलं होतं, ते खोटं आहे. मी पवनीपर्यंत जाते. परत येते. कधी कधी पुन्हा जाते.

हासू नको. तुझे आबाजी, केशवराव, गेले तेव्हा तुझा बाप बारावीत होता. ट्रॅक्टर मी चालवला, चिखलणी मी केली, लोक बांधावर उभे राहून पाहत. म्हणून तुझी गाडी मले काही जड नाही. लायसन आहे, ट्रॅक्टरचं आहे, पण आहे. तू मुद्दाम गिअरवाली शोधून आणली, ते मले तेव्हा येडेपणा वाटला. आता समजलं. आपोआप चालणाऱ्या गाडीत माणूस पाहुणा असते.

तुले मजा म्हणजे काय वाटते मले माहीत नाही, मले काय वाटलं ते सांगते. पवनीच्या रस्त्याले ते लांब वळण आहे, तळ्याची पार आहे तिथं. पांढरी गाडी त्या वळणावर कलते आन पोटातलं हालते. तुझी कलत नाही. मी हात जरासा वळवला की ती तेवढीच वळते, ना जास्त, ना कमी. जसं तिले आधीच माहीत होतं. मग सरळ रस्ता लागते, मी पाय दाबते, आन मागून कोणी पाठीले हात लावून पुढं ढकलते असं वाटते. पहिल्यांदा मी मोठ्यानं हासली. गाडीत एकटी. एकोणसत्तर वर्षांची बाई.

तुझ्या आबाजीले शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा नाद होता हे तुले कोणी सांगतलं नसेल, मीच सांगू देत नव्हती. घरी दोन बैलजोड्या. एक औताची, एक पटाची. पटाची जोडी अशी धावे की धुऱ्या-बांधावरची माणसं मागं सरकत. आन तिले रोवणीले जुंपलं की धानाच्या अर्ध्या बांधीत उभी. मी चिडायची, म्हणायची ह्या जोडीले विका, पेंड खाते आन काम नाही. ते म्हणायचे, "धुरपता, एक डाव पटाच्या दमणीत बसून तर पाह." बसली नाही मी कधी. कामं होती.

हे तुले पटवायले नाही लिवलं. मी अजूनही म्हणते, घरात एकच जोडी असेल तर औताचीच पाहिजे.

गोपीचंद येऊन गेला, तोच भंडाऱ्याचा गॅरेजवाला. आधी नागपूरले मोठ्या शोरूममध्ये होता, ह्या गाड्या त्यानं उघडून पाहिल्या आहेत. मले चाकामागं बसलेली पाहून म्हणे, "आजी, तुमी चालवता?"

"नाही," म्हटलं, "ती स्वतःच पवनीले जाऊन येते."

मग मी त्याले समोर उभा केला. म्हटलं, शोरूमची भाषा सोड, मले सरळ सांग. ही गाडी भरवशाची आहे का नाही?

"आजी, खरं सांगू? पाण्याची नळी प्लास्टिकची आहे, सात-आठ वर्षांत ठिसूळ होते. तिचं वय झालं. तेल वेगळं लागते, कोणतंही टाकलं तर रुसते. पार्ट मुंबईवरून येते. मागच्या वेळी एकोणीस दिवस लागले, तुमी रोज फोन करून मले शिव्या देत होत्या."

"आन पांढरी?"

"पांढरीचा पार्ट अड्याळले दुकानात टांगून राहते. किराणावालाही देऊन टाकेल."

"मग ही घ्यावी कोणी?"

त्यानं फडक्याले हात पुसले. म्हणे, "ज्याले पोचायची घाई नाही आन चालवायची आवड आहे त्यानं. आजी, मी वीस वर्षं गाड्या चालवून राहिलो. माझी स्वतःची पांढरीसारखीच आहे. पण ट्रायल घ्याले ही आली का, मी लाखनीपर्यंत जाऊन येतो, तुमाले सांगत नाही."

मी म्हटलं, डिझेल माझं जाते बे.

जाताना म्हणे, "ते जानेवारीतलं तुमी घरी सांगतलं का?" मी म्हटलं, नळी कधी बदलतो ते सांग.

नळी बदलून घेतली. विकायची असली तरी सडकी नळी लावून कोणाच्या गळ्यात घालायची नाही.

आजी


कोंढा, १६ नोव्हेंबर

अश्विन,

हे पत्र उभ्यानं वाचू नको, बस.

आज डॉक्टर आले. भला माणूस, जोडे बाहेर काढून आला. गाडीत बसला, पवनीच्या वळणापर्यंत गेला, परत आला तर तोंड पोट्ट्यासारखं झालं होतं. मी ते तोंड ओळखलं. आठवडाभर माझंही तसंच राहते.

मग म्हणे, "जीवनभाऊ, गाडी तर एकच नंबर. पण बंद पडते असं आयकलं."

तुझा बाप कसा आहे तुले माहीत. दुसरा असता तर म्हणाला असता, छे छे. हा म्हणे, "पडली होती. ऐन कामाच्या दिवशी, शहापूरच्या पुढं. माझ्या पोरीचं वर्ष गेलं. खोटं कायले सांगू, भरवशाची नाही."

डॉक्टर म्हणे, "मग मी काहून घेऊ?"

"नका घेऊ," तुझा बाप म्हणे. अशानं तो गाडी विकून राहिला होता.

प्रतिक्षा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. म्हणे, "गाडी चांगलीच आहे, काका. फक्त दादाले बहिणीपेक्षा मजा जास्त प्यारी होती."

हे ती अकरा महिन्यांपासून म्हणून राहिली आहे. दर वेळी मी तांदूळ निवडत असते नाहीतर भांडं घासत असते. आजही सूप मांडीवर होतं. मले वाटलं, गाडी ह्या माणसाबरोबर गेली की संपलं, मग कोणी कधी काही विचारणार नाही. आन तू कधी येणार नाही.

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "गाडीचा दोष नाही. अश्विनचाही नाही. माझा आहे."

आता तुले सांगते, जसं त्यांना सांगतलं तसंच.

गोंदियाले जाताना तू चावी खिळ्याले अडकवली आन म्हटलं, "आजी, गाडी तणसाच्या पेंढ्याजवळ नको लावू, उंदीर वायर खातात." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी धान मळून-चुरून घरी आलं. वाळवायले अंगण पाहिजे होतं, आन अंगणाच्या मधोमध तुझी गाडी पाटलासारखी बसलेली. धान भिजलं असतं, गाडी काय भिजते? मी चावी घेतली. आधी तिले रस्त्यावर नेली, पवनीच्या वळणापर्यंत. मागं लिवलं, पहिल्यांदा हासली, ते तेव्हाच. मग आणून गोठ्यात घातली. गोठ्यात तणस छपरापर्यंत, आन बाजूले धानाची पोती. दोन रात्री तिथं होती. तू यायच्या आदल्या दिवशी अंगणात परत लावली, धूळ पुसली, आन गोठ्याची गोष्ट गिळून टाकली.

शहापूरले तू बॉनेट उघडलं आन फोन लावत बाजूले गेला. मी वाकून पाहिलं. आत तणसाची गुंडी होती, एवढी, लोंबीसकट. उंदरानं घर केलं होतं. मी ती उचलली आन मुठीत धरली. तू पाठमोरा होता. जीपमध्ये मुठीत, ऑटोमध्ये मुठीत, पेपरच्या दारावर मुठीत. प्रतिक्षा माझा हात धराले गेली, मी तो पदरात ओढला.

जानेवारीत गोपीचंदनं सांगतलं, वायर अर्धी खाल्ली होती, कोंढ्यापासून शहापूरपर्यंत टिकली, मग गेली. त्यानं धानाची फोलपटं काढून दाखवली. म्हणे, पांढरी गाडी ठेवली असती तरी हेच झालं असतं, उंदीर काही कंपनी पाहून खात नाही. मी त्याले म्हटलं, तोंड बंद ठेव. तो शहाणा, त्यानं ठेवलं.

तू विचारशील, काहून लपवलं. तू तरुण, तुले पुणं आहे, नोकरी आहे. मले ह्याच घरात राहायचं, ह्याच पोरीच्या हातचं जेवायचं. दोघांपैकी एकावर दोष जाणार होता, तर तो घरात नसलेल्यावर जाऊ देला. एवढंच. ह्यात रडण्यासारखं काही नाही, पण ह्याले दुसरं नावही नाही.

सगळं सांगून झालं तर डॉक्टर कपातल्या चहाकडं पाहून राहिलेले. तुझा बाप भिंतीले पाठ लावून उभा. प्रतिक्षानं विचारलं, "तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"दादानं मले बारा-पंधरा वेळा फोन केला होता, आजी. मी एकदाही उचलला नाही. तू बाजूले बसली होती."

"होती."

"मी त्याले काय काय बोलली तुह्यासमोर. तू एकदा तरी म्हणायचं, असू दे, बाई. एकदा तरी."

मले आठवलं, एकदा मी उलट म्हटलं होतं, "बरोबर बोलली." ते तिलेही आठवलं असेल.

ती आत गेली. तुझ्या बापानं खिशातून तुझे कागद काढले आन डॉक्टरले म्हणे, "साहेब, गाडी विकायची नाही."

डॉक्टर म्हणे, "आता तर जास्तच घ्यावीशी वाटते, जीवनभाऊ. दोष उंदराचा निघाला."

"दोष उंदराचा नाही निघाला," तुझा बाप म्हणे, आन माझ्याकडं पाहिलं नाही. मारलं असतं तर बरं होतं.

अश्विन, मी चुकली. हे एकदाच लिवते, कारण दहा वेळा लिवलं तर ते गाणं होते.

आजी


कोंढा, १ डिसेंबर

अश्विन,

प्रतिक्षानं तुले फोन केला, हे मले भिंतीपलीकडून समजलं. काय बोलली ते आयकू आलं नाही. हासली एकदा, तेवढं आलं.

माझ्याशी ती अजून मोजून बोलते. जेवण वाढते, पण ताट असं ठेवते की वरण उडते. बरोबर आहे. मी लुगडं बदलून घेते.

पेपरचं सांगते. बुधवारी तुझ्या बापानं पांढरीत हवा भरून आणली, तेल पाहिलं. प्रतिक्षा वही घेऊन ओट्यावर बसली होती. म्हणे, "बाबा, दादाच्या गाडीनं जाऊ."

तुझा बाप म्हणे, "पागल झाली का? गोपीचंद काय म्हणते आयकलं नाही? नळी नवी असली तरी बाकी सगळं जुनंच आहे."

"आयकलं. म्हणून रविवारी नाही, शनिवारी सकाळी निघू. रात्री मैत्रिणीच्या, रुचिताच्या खोलीवर राहीन मी, पेपरच्या शाळेपासून पायी दहा मिनिटं. गाडी बंद पडली तर पडली, आपल्या हाती पूर्ण दिवस आहे. मागच्या वर्षी चूक गाडीची नव्हती. पण दादानं वेळ हातात ठेवला नाही, ही चूक त्याचीच होती. मी त्याले तसं सांगतलंही."

आयकलं का? मी तुले निर्दोष सोडलं, तिनं नाही सोडलं. आन खरी तीच आहे. उंदीर मी आणले, पण अशी गाडी घेऊन ऐन वेळेवर निघणं तुझं होतं. तुले मजा पाहिजे असेल तर तिच्यासाठी लवकर उठावं लागते. पांढरीचा मालक झोपून राहिला तरी पोचते.

शनिवारी निघालो. मले कोणी चल म्हटलं नाही, मीच मागं जाऊन बसली. प्रतिक्षा पुढं. तुझा बाप चाकामागं. त्यानं ती गाडी कधी चालवली नव्हती, वर्षभर तिच्यावरून भांडला पण हात लावला नव्हता. अड्याळपर्यंत त्यानं तिले बैलबंडीसारखी चालवली. सायकलवाले पुढं निघून गेले. प्रतिक्षा म्हणे, "बाबा, पेपर उद्याच आहे, पुढच्या महिन्यात नाही."

भंडाऱ्याच्या पुढं हायवे लागला. शहापूर आलं. प्रतिक्षा काचेखालच्या दिव्यांकडं पाहून राहिली होती. मी कानानं गाडी आयकत होती, जसं आजारी माणसाच्या छातीले कान लावतात. ती जागा आली. गेली. काही झालं नाही.

मग तुझ्या बापानं पाय दाबला. मी मागून त्याची मान पाहत होती. आधी ताठ होती, मग खांदे खाली आले. एका ट्रकले मागं टाकलं, दुसऱ्याले टाकलं. कन्हान नदीचा पूल आला आन गेला. नागपूर यायले लागलं तेव्हा म्हणे, "एवढ्यात आलं?" असं म्हणे जसं कोणी ताट उचलून नेलं.

रुचिताच्या खोलीवर पोरीले सोडलं. परत निघताना मी म्हटलं, जीवन, दे, मी चालवते. नाही देली. कोंढ्यात येऊन गाडी लावली, बंद केली, तरी उतरेना. दोन्ही हात चाकावर तसेच. मी दार उघडून उभी. मग म्हणे, "माय, हे पोट्टं सांगत होतं तेव्हा मी आयकलंच नाही. मले वाटे, मिरवाले घेतली."

मी म्हटलं, हे मले नको सांगू, त्याले सांग.

म्हणे, "सांगतो." तुले माहीत आहे, तो सांगणार नाही. म्हणून मी लिवून राहिली.

पेपर तिनं काल वेळेवर दिला. पोचली चाळीस मिनिटं आधी, दार उघडलंच नव्हतं. चांगला गेला म्हणते. निकाल लागल्यावर पाहू, मी कोणाच्याही म्हणण्यावर नाचत नाही.

आता काम एकच राहिलं. विकायचे कागद तुझ्या बापानं फाडले, त्यामुळं गाडी तुझ्याच नावावर आहे. पण चावी आता खिळ्याले नसते, त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. आज सकाळी कामाले जाताना पांढरी अंगणात ठेवून तुझी घेऊन गेला, म्हणे सर्व्हिसिंगचं विचारून येतो. सर्व्हिसिंग मागच्याच महिन्यात झाली.

मी मागितली तर मले देत नाही. प्रतिक्षाले देत नाही. तुले पाहिजे असेल तर ये, आन त्याच्यासमोर उभा राहून भांडून घे.

आजी